पुस्तकाइतकाच वेग

मर्विन ट्वेटची आणि माझी ओळख भांडणातून झाली. एकतीस वर्षं झाली त्याला, पण मी ते भांडण विसरलेले नाही, आणि तोही नाही. तेव्हा मी गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर बसायचे. ऑगस्टमधली ऐन कापणी, गव्हाच्या ट्रकांची रांग पार रुळांपर्यंत गेलेली, आणि अशा वेळी वजनमाप खात्याचा हा लांबुळका माणूस आपली लोखंडी वजनं घेऊन हजर झाला. त्याने काटा तपासला, साठ पौंडांची चूक काढली आणि काट्याला लाल चिठ्ठी बांधून टाकली. लाल चिठ्ठी लागली की काटा बंद, मग बाहेर कितीही ट्रक उभे असोत. मी म्हटलं, अरे बाबा, साठ पौंड म्हणजे ड्रायव्हरचा कुत्रा गाडीत आहे की खाली उतरलाय, एवढाच फरक. त्यावर हा शांतपणे म्हणाला, मग कुत्राही तोलता आला पाहिजे.

त्या चिठ्ठीवर दोन ओळी असतात. एक मालकाच्या नावाची, एक निरीक्षकाच्या. मी चिडून विचारलं, काटा दुरुस्त करून मीच चिठ्ठी सोडली तर काय होईल. तो म्हणाला, स्वतःचा काटा कुणी स्वतः पास करायचा नसतो. दोन दिवस कोठार बंद राहिलं. शेतकऱ्यांनी मला शिव्या घातल्या आणि मी त्या जशाच्या तशा त्याच्याकडे पोचवल्या.

आता तो चौऱ्याहत्तरचा आहे, मी एकोणसत्तरची. निवृत्त झाल्यावर त्याला अख्ख्या मॉन्टानात राहायला दुसरी जागा मिळाली नाही, नेमका माझ्या समोरच्या घरात आला. लग्न केलेलं नाही. माझ्या मते कुठलीच मुलगी तपासणीत उतरली नसावी. गॅरेजमध्ये गाडीऐवजी एक लांब बाक आहे, आणि त्या बाकावर तो स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरतो. हे आमच्याकडे पुष्कळ जण करतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची आणि वरून शिशाची गोळी दाबायची. पण बाकीचे ते काम रेडिओवरचा बेसबॉलचा सामना ऐकत करतात. मर्विन रेडिओ लावत नाही. दर दहा काडतुसांनंतर तो आपल्या एकपारडी तराजूचं सुटं पारडं रिकामं करून दांडी शून्यावर येते का ते बघतो, आणि वहीत बरोबरची खूण करतो. अशा चौदा वर्षांच्या वह्या आहेत. त्या मी वाचल्यात, कारण आमच्या चांदमारीच्या क्लबची चिटणीस मी आहे आणि गोळीचा वेग मोजायचं यंत्र माझ्या ताब्यात असतं.

ते यंत्र म्हणजे तिपाईवर ठेवलेली एक डबी आणि तिच्यावर दोन कमानी. गोळी दोन्ही कमानींखालून गेली की सेकंदाला किती फूट ते डबीवर उमटतं. घरी भरणाऱ्यांसाठी छापील पुस्तकं निघतात. त्यांतल्या कोष्टकांत लिहिलेलं असतं की अमुक गोळी, तमुक दारू, इतकं वजन, म्हणजे इतका वेग. लोक घरी भरतात, मैदानात येऊन यंत्रावर झाडतात, आणि पुस्तकातला आकडा आला की परीक्षेत पास झाल्यासारखे हसतात. मर्विनचा आकडा कधीच पुस्तकाइतका येत नाही. साठ-सत्तर फुटांनी कमीच. मी सुरुवातीला डिवचायचे त्याला. मग त्याने समजावलं. पुस्तकवाले आपली काडतुसं एका बंद, लांब नळीतून झाडतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते, त्या फटीतून धूर आणि जोर निसटतो. नळीही आखूड. म्हणून खरं रिव्हॉल्व्हर पुस्तकाच्या मागेच राहणार. मागे राहिलं की समजायचं सगळं ठीक आहे.

आता अलविनाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अलविना शॅट्झ मेंढ्या पाळते. तिचा नवरा रूबेन हा मर्विनचा एकुलता एक मित्र. दोघं एकाच तऱ्हेचा तराजू वापरायचे, एकाच प्रकारची काडतुसं भरायचे आणि कुणाची वही जास्त नीट यावर वाद घालायचे. रूबेन जानेवारीत गेला, हृदयविकाराने. बर्फातच पुरला त्याला. मार्चमध्ये अलविनाने त्याचा तराजू मर्विनला दिला, म्हणाली, माझ्याकडे धूळ खात पडेल. मर्विनने तो आपल्या तराजूशेजारी बाकावर मांडला. वापरणार नव्हता, पण उचलून कपाटात ठेवायलाही त्याचा हात होईना. त्यानंतर दर रविवारी चर्चमधून निघाल्यावर तो अलविनाकडे जेवायला जाऊ लागला आणि जाण्याआधी बूट पुसू लागला. एकतीस वर्षांत मी त्याचे बूट पुसलेले पाहिले नव्हते. मी एकदा बोलले तसं. त्याचे कान लाल झाले.

जूनच्या अखेरीस अलविना मेंढ्या घेऊन मिझुरी नदीच्या कडेकपारीत जाते, दोन महिने तिथल्या चाकांवरच्या झोपडीत राहते. तिथे खडखड्या साप फार. रूबेनच्या आजोबांचं पंचेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर ती कमरेला लावते. शंभरावर वर्षांचं जुनं, चक्राच्या भिंती पातळ, त्यामुळे त्यात सौम्यच काडतुसं घालावी लागतात. आजवर ती रूबेन भरून द्यायचा. या वर्षी मर्विन म्हणाला, मी देतो.

त्याने बासष्ट भरली. पन्नास तिच्यासाठी, बारा यंत्रावर झाडून बघायला. आधी झाडायची, आकडा बघायचा, मगच दुसऱ्याच्या हातात द्यायची, हा त्याचा नियम. पण त्या आठवड्यात वारा असा सुटला की यंत्राची तिपाई उभी राहीना. बुधवारपासून शनिवारपर्यंत तो दिवसातून चारदा माझ्या दारात यायचा, आकाशाकडे बघायचा आणि परत जायचा. अलविना रविवारी निघणार होती. शनिवारी त्याने ती पेटी तिला देऊन टाकली, न तपासता. तिने रिकाम्या कमरपट्ट्याने जावं हे त्याच्याने बघवलं नाही.

वारा पडला मंगळवारी. सकाळी नऊला आम्ही मैदानात होतो. मर्विनने स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून पहिली गोळी झाडली. त्याचं ते नवं, जाड भिंतींचं, काहीही पचवणारं. मी डबीवरचा आकडा वाचला, आठशे अडुसष्ट. पुस्तकात आठशे सत्तर होता. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, घ्या, चौदा वर्षांनी एकदाचा पास झालास. दुसरी, आठशे चौऱ्याहत्तर. तिसरी, आठशे एकाहत्तर. चौथी झाडायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. म्हणाला काय, विनवणीच होती ती.

मी बॅटरी बदलली. कमानींवर ऊन पडत होतं म्हणून माझी टोपी धरून सावली केली. आकडा तोच. मग त्याने गाडीतून कारखान्यात भरलेल्या काडतुसांची पेटी आणली. ती तो दरवर्षी फक्त पाच झाडतो, यंत्राची परीक्षा म्हणून. पाचही गेल्या वर्षीइतकीच आली, दोन-चार फुटांचा फरक. म्हणजे यंत्र शहाणं होतं.

घरी येऊन त्याने बाकावर तीन पुस्तकं उघडली. एक नवं, एक वीस वर्षांपूर्वीचं आणि एक रूबेनचं, पानं सुटलेलं. तिन्हींत एकाच भरणीला तीन वेग. मी म्हटलं, अरे, छापणाऱ्यांचंच एकमत नाही, तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस. तो म्हणाला, प्रत्येकाची नळी वेगळी, दारूचा डबा वेगळा, मोजलं तो दिवस वेगळा, त्यामुळे त्यांनी भांडावं. पण माझं रिव्हॉल्व्हर चौदा वर्षं तिघांच्याही मागे राहिलंय. ते आज एकदम पुढे कसं आलं. बोलताना तो वह्यांची पानं इतक्या भराभर उलटत होता की एक फाटलं. मर्विनच्या हातून, आणि वहीचं पान.

उरलेल्या काडतुसांतलं एक त्याने गोळी उपटायच्या पोकळ हातोडीत घालून, आपटून फोडलं आणि आतली दारू पारड्यात ओतली. दांडी बरोबर हव्या त्या खुणेवर थांबली. मी म्हटलं, झालं तर मग. त्याने मात्र दारू परत वाटीत काढली आणि रिकामं पारडं तराजूवर ठेवलं. दांडी शून्यावर आली नाही. शून्याच्या खाली जाऊन तिथेच राहिली.

त्याने पारडं उलटं केलं. खाली खिळ्याने कोरलेलं अक्षर होतं, रूबेनच्या नावाचं पहिलं.

मग सगळं आपोआप उलगडलं. प्रत्येक तराजूचं पारडं त्याच्या त्याच्या दांडीला जुळवलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखी, पण रूबेनचं किंचित हलकं. काडतुसं भरली त्या दिवशी मर्विनने स्वतःचं पारडं ठेवून शून्य लावलं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून पारडं उचलून बाजूला ठेवलं आणि आत गेला. परत आला आणि शेजारचं पारडं उचललं. पारडं जितकं हलकं तितकी दारू जास्त, प्रत्येक काडतुसात, बासष्टच्या बासष्ट. आणि दर दहांनंतरची तपासणी त्याने एकदाही केली नव्हती. वहीत त्या दिवशीच्या पानावर खुणाच नव्हत्या.

मी विचारलं, फोन कुणाचा होता. तो म्हणाला, अलविनाचा. क्नेफ्लाचं, कणकेच्या गोळ्यांचं सूप केलंय, संध्याकाळी ये, असं म्हणाली होती. "मी खुशीत होतो, कॉर्लिस. शीळ घालत होतो." हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला, की मला त्याची चेष्टा करण्याची पहिल्यांदाच लाज वाटली.

जादा दारू ती किती, चिमटीत मावेल एवढी. त्याच्या जाड रिव्हॉल्व्हरला तिचं काहीच वाटलं नव्हतं. शंभर वर्षांच्या पातळ चक्राला वाटणार होतं. ते अलविनाच्या हातात, चेहऱ्यापासून दोन फुटांवर फुटू शकत होतं.

कडेकपारीत फोन लागत नाही. शेरीफच्या कचेरीत सांगितलं, त्यांचा माणूस काउंटीच्या दुसऱ्या टोकाला होता. मर्विन माझ्या पिकअपमध्ये आधीच जाऊन बसला होता. बेचाळीस मैल, त्यातले तीस कच्च्या रस्त्याचे, आणि कुणाकुणाच्या कुरणांतून जाणारी पाच फाटकं. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, हे आमच्याकडे मुलं चालायला लागायच्या आधी शिकतात. बंद होतं तर बंद करूनच पुढे जायचं. पाचही बंद होती. तारेचं फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची, परत खाली उतरून खांब छातीशी आवळायचा आणि फास अडकवायचा. मर्विनला बसवेना म्हणून तो उतरायचा, पण त्याच्या हातांना फास सापडेना, म्हणून मग मी उतरायचे. तिसऱ्या फाटकाशी मी म्हटलं, राहू दे उघडं, जीव महत्त्वाचा. तो ओरडला, "लाव ते," आणि लगेच म्हणाला, "नको, चल," आणि मी गाडी हलवली तर परत म्हणाला, "लाव, लाव." मी लावलं. मला त्याची कीव येत होती आणि त्याला थोबाडीत द्यावीशीही वाटत होती.

तो सारखा एकच हिशेब करत होता. रविवारी पोचली असेल, सोमवारी मेंढ्या वर नेल्या असतील. साप दिसला असेल तर एकच गोळी. ती चक्रात पाचच भरते, घोड्याखालचं घर रिकामं ठेवते, रूबेनने शिकवलंय. डबे मांडून सराव करते का ती? मी म्हटलं, मला काय माहीत. खरं म्हणजे मला माहीत होतं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात ती सराव करते.

पाचवं फाटक मी लावत होते तेव्हा टेकाडापलीकडून आवाज आला. एक. मी फास हातात धरून उभी. दुसरा. मग काही नाही. मर्विन गाडीत बसलाच नाही, पळत सुटला. चौऱ्याहत्तरचा माणूस सेजच्या झुडपांतून टेकाड चढत पळत होता आणि तिचं नाव घेत होता. मी फाटक जमिनीवर टाकलं आणि गाडी हाणली. आयुष्यात मी उघडं टाकलेलं ते एकच फाटक.

अलविना झोपडीच्या पायरीवर बसली होती. समोर कुंपणाच्या लाकडावर तीन डबे उभे होते, दोन खाली पडले होते. न झाडलेली तीन काडतुसं पायरीवर काढून ठेवून, रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन ती एका काडीने रिकामी पुंगळी बाहेर ढकलायचा प्रयत्न करत होती. मर्विन पायरीपाशी गुडघ्यांवर बसला, श्वास लागलेला, आणि त्याने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अडकतात रे तुझी," ती म्हणाली. "काल पाच झाडली, तीही ठोकून काढावी लागली. मला वाटलं हातातली ताकद गेली माझ्या."

मर्विनने रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्र फिरवायला गेला. अडखळत फिरलं. उन्हात धरलं तेव्हा मलाही दिसलं, एका घराची बाहेरची भिंत फुगली होती. बोट फिरवलं तर लागत होती हाताला. आणखी एक गोळी, फार तर दोन, आणि ते फुटलं असतं.

त्याने सगळं सांगितलं. फोन आला तेही, शीळ घालत होतो तेही. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. शेवटी म्हणाला, "मी मारलं असतं तुला, अलविना."

मला वाटलं ती रडेल, किंवा त्याच्या खांद्यावर हात ठेवेल, म्हणेल जाऊ दे, झालं ते झालं. ती उठली. फुगलेलं रिव्हॉल्व्हर त्याच्याकडून घेतलं आणि फडक्यात गुंडाळलं.

"चुकीचं पारडं कुणाच्याही हातात येईल," ती म्हणाली. "पण तू न झाडता मला दिलीस. रूबेनने चाळीस वर्षांत एकदाही दिली नाहीत. मला वारा माहीत होता. तू नुसतं म्हणाला असतास, तपासलेली नाहीत, तर मी कुदळ घेऊन आले असते सापांसाठी."

एवढं बोलून ती आत गेली. पेटी आणली आणि पायरीवरची तीन तिच्यात टाकून राहिलेली त्रेचाळीस काडतुसं आमच्यापुढे ठेवली. पन्नासांतली सात झाडली होती, हिशेब जुळला. स्टोव्हवर कॉफी होती, वास बाहेरपर्यंत येत होता. तिने आम्हाला विचारलं नाही. बेचाळीस मैल आलेल्या माणसाला कॉफी न विचारता परत पाठवणं मी आमच्या भागात कधी पाहिलेलं नाही, शेतात आग लावून आलेल्यालाही विचारतात. मर्विनला ते कळलं. त्याने टोपी घातली आणि पेटी उचलली. जाताना मी माझी कुदळ तिच्या दाराशी ठेवली. पाचवं फाटक लावायला तो स्वतः उतरला.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. मर्विनने ती सगळी काडतुसं एकेक करून फोडली आणि दारू अंगणात पसरून पेटवून टाकली. मग त्याला काही करायचं उरलं नाही आणि बसताही येईना. सकाळी मी पडदा सारला की तो समोरच्या रस्त्यावर टपाल कचेरीपर्यंत जाताना दिसायचा, टपाल न घेता परत यायचा आणि पुन्हा निघायचा. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, शेवटच्या भजनाआधी उठून जायचा. एका ठिकाणी उभा असला तरी पाय हलत असायचे. मलाही घरात चैन पडेना. शिवण हातात घेतलं की खिडकीशी जावंसं वाटे, तो आत्ता कुठे आहे ते बघायला. ज्याला मी एकतीस वर्षं नावं ठेवली त्याच्यासाठी माझं काळीज असं तुटावं, याचाही मला राग येत होता.

पंधराव्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले. बाक पुसून लख्ख केलेला, वह्या बांधून ठेवलेल्या, आणि त्याच्या तराजूच्या दांडीला लाल चिठ्ठी. खात्यातलीच, जुन्या पेटीत राहिलेली. मालक, मर्विन ट्वेट. निरीक्षक, मर्विन ट्वेट. दोन्ही ओळींवर तीच सरळ सही.

मी म्हटलं, दे, मी तपासते आणि सोडते चिठ्ठी, मला येतं, तुझ्यामुळेच शिकले. तो नको म्हणाला. तू माझ्या बाजूची आहेस, म्हणाला. एवढी वर्षं भांडून शेवटी हे ऐकायला मिळालं मला.

मग मी जे केलं ते त्याला विचारून केलं नाही. बेचाळीस मैल एकटी गेले, पाचही फाटकं उघडली, पाचही लावली. अलविनाला सांगितलं की त्याने स्वतःच्याच तराजूला लाल चिठ्ठी बांधलीये. तिने मेंढीच्या पायातला काटा काढता काढता ऐकून घेतलं. साप एक मारला, कुदळीने, एवढंच म्हणाली. मला कॉफी दिली, पण उत्तर दिलं नाही. मी परत आले आणि दोन आठवडे स्वतःला नाक खुपसणारी बाई म्हणत राहिले.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी तिचा धुळकट ट्रक मर्विनच्या दारात उभा राहिला. मी रस्ता ओलांडून पोचले तेव्हा ती बाकासमोर बसली होती आणि मर्विन भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे. तिने त्याला बजावलं होतं, कशाला हात लावायचा नाही. तिच्यापुढे तपासणीची छोटी पितळी वजनं होती, रूबेनची. एकेक वजन ठेवायची, दांडी थांबेपर्यंत थांबायची, आकडा मोठ्याने म्हणायची. सात वजनं, सातही बरोबर. मग तिने रूबेनचं पारडं उचललं, एप्रनच्या खिशात टाकलं आणि म्हणाली, हे घरी राहील. मर्विनने मान हलवली.

पण चिठ्ठी सोडली नाही. बारा भर, म्हणाली. मी समोर बसते.

त्याने बारा भरली. दहा झाल्यावर हात थांबले, पारडं रिकामं केलं, दांडी शून्यावर आली, आणि तिने स्वतः पेन्सिल घेऊन वहीत बरोबरची खूण केली. मग आम्ही तिघं माझ्या पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून मैदानात गेलो. तराजू तिच्या मांडीवर होता, चिठ्ठीसकट. वारा नव्हता. मी यंत्र लावलं, पण आकडे वाचायला ती बसली. मर्विनला निशाणावर नेम धरवेना. मी म्हटलं, निशाण राहू दे, कमानी तेवढ्या चुकव. त्याने झाडलं.

"आठशे दोन," अलविना म्हणाली.

दुसरी, सातशे शहाण्णव. तिसरी, आठशे पाच. आकड्यागणिक त्याचे खांदे खाली येत होते. सहाव्याला तो थांबला आणि बाहीने डोळे पुसू लागला. अलविना पुस्तक उघडून बसली होती, बोट आठशे सत्तरवर. बाराही झाडून झाली तेव्हा तिने ते मिटलं.

"कमी आहेत," ती म्हणाली. "सगळी कमी आहेत, मर्विन."

लाल चिठ्ठीवरचं निरीक्षकाचं नाव तिने खोडलं नाही, फक्त त्याच्याखाली पेन्सिलीने स्वतःचं लिहिलं आणि खिशातून चाकू काढून दोरा कापला. मग थर्मास उघडला. झाकणाचा पेला एकच होता. तिने तो भरून आधी त्याला दिला. त्याने दोन्ही हातांनी धरून कॉफी घेतली आणि पेला परत केला. ती त्याच पेल्यातून प्यायली. मला कुणी विचारलंच नाही, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. मी यंत्राची तिपाई मिटायला लागले.